मजुराचे देणे

मे महिन्याची पहिली तारीख मराठी माणसाला दोन कारणांनी ठाऊक असते. १९६० साली याच दिवशी महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले. आणि जगातील अनेक देशांत हा दिवस कामगारांचा दिवस म्हणून पाळला जातो. कॅथलिक ख्रिस्ती लोकांच्या पंचांगात या तारखेला तिसरेही एक महत्त्व आहे. १९५५ साली पोप पायस बारावे यांनी १ मे हा ‘कामगार संत योसेफ’ यांचा सण म्हणून जाहीर केला. योसेफ हा नाझरेथ गावचा सुतार. ज्याच्या घरी प्रभू येशू लहानाचा मोठा झाला, त्या माणसाचे हात लाकूड तासून घट्टे पडलेले होते, ही गोष्ट या सणाने लोकांपुढे ठेवली.

सण साजरा करणे सोपे असते. परंतु संत योसेफाच्या मूर्तीला रविवारी हार घालणारा मनुष्य सोमवारी आपल्या दारी आलेल्या सुताराशी कसा वागतो, हा प्रश्न त्यामानाने अवघड आहे. धर्म हा देवळापुरता आणि मजुरीचा दर हा बाजारापुरता, अशी वाटणी पुष्कळांनी मनाशी करून टाकलेली असते. ख्रिस्ती शिकवणीला ही वाटणी मान्य नाही. ती का मान्य नाही, आणि त्या शिकवणीचा रोजच्या व्यवहारात काय अर्थ होतो, हे समजून घेण्यासारखे आहे. कारण कामाला माणूस ठेवण्याचा प्रसंग आज गिरणीमालकावरच येतो असे नाही. ज्या घरी भांडी घासायला बाई येते, ते प्रत्येक घर या प्रश्नाच्या कक्षेत आहे.

प्रथम कामाविषयी. प्राचीन ग्रीस आणि रोम या देशांत अंगमेहनतीचे काम हे हलक्या लोकांचे काम समजले जाई. रोमचा प्रख्यात वक्ता सिसेरो याच्या मते तर मजुरी घेणे म्हणजे गुलामगिरीचा विसार घेणे होय. यहुदी लोकांची धारणा याहून वेगळी होती. बायबलच्या अगदी आरंभी, माणसाच्या हातून पाप घडण्यापूर्वीच, देवाने त्याला बागेची मशागत आणि राखण करण्यासाठी ठेवल्याचे सांगितले आहे. म्हणजे काम ही शिक्षा नव्हे. घाम आणि काटे मागून आले. काम आधीचे आहे. येशू ख्रिस्ताच्या आयुष्यातील बहुतेक वर्षे नाझरेथमध्ये सुतारकामात गेली, आणि प्रवचनांच्या वाट्याला अखेरची थोडी वर्षे आली. संत पौल देशोदेशी धर्माचा उपदेश करी, पण पोट भरण्यासाठी तो तंबू शिवी. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी मठवासीयांसाठी जी नियमावली लिहिली, तिच्यात मठाची हत्यारे आणि भांडीकुंडी वेदीवरील पवित्र पात्रांप्रमाणे सांभाळावीत असा दंडक आहे. कुदळ आणि पूजेचे पात्र यांना एकाच आदराने हाताळण्याची ही शिकवण त्या काळच्या उच्चभ्रू समाजाला चमत्कारिकच वाटली असेल.

मराठी वाचकाला मात्र ती परकी वाटण्याचे कारण नाही. अरणचा सावता माळी मळ्यात देव पाहत होता. तेरचा गोरा कुंभार चिखल तुडवताना नामात रंगत होता. काम आणि भक्ती यांची ही सांगड वारकरी संतांनी घराघरांत पोहोचवली आहे. परंतु याच परंपरेतील एक कथा मनाला चटका लावून जाते. मंगळवेढ्याचे गावकूस बांधण्याच्या कामावर असताना ते कोसळले आणि इतर मजुरांबरोबर चोखामेळा त्याखाली गाडला गेला, असे परंपरा सांगते. त्याची समाधी आज पंढरपुरास महाद्वारासमोर आहे. ज्याला हयातीत देवळाच्या आत पाऊल टाकण्याची मुभा नव्हती, त्याचे अभंग पुढे सर्वांनी गायिले. कामाचा गौरव करणे आणि काम करणाऱ्याचा मान राखणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे या कथेवरून ध्यानात यावे. पहिली गोष्ट गाणी आणि भाषणे यांनी भागते. दुसरीला पैसे मोजावे लागतात, वेळ द्यावा लागतो आणि प्रसंगी आपला अधिकार सोडावा लागतो.

बायबल या दुसऱ्या गोष्टीवर फार नेमकेपणाने बोलते. मोशेच्या नियमशास्त्रात, लेवीय आणि अनुवाद या दोन्ही पुस्तकांत, मजुराची मजुरी रात्रभर आपल्याजवळ ठेवू नये, सूर्य मावळण्यापूर्वी ती त्याच्या हाती द्यावी, अशी स्पष्ट आज्ञा आहे. तिच्यामागील कारणही तेथेच दिलेले आहे. मजूर गरीब असतो आणि त्याचे मन त्या मजुरीवर लागून राहिलेले असते. धन्याच्या दृष्टीने एका रात्रीचा उशीर ही क्षुल्लक बाब. मजुराच्या घरी त्या रात्री चूल पेटते की नाही, याचा तो प्रश्न. हा नियम आपल्या भाऊबंदांइतकाच परक्या मुलखातून आलेल्या मजुरालाही लागू आहे, हेही तेथे सांगितले आहे. विसाव्याच्या दिवसाची आज्ञाही अशीच आहे. शब्बाथाच्या दिवशी धन्याने तर विश्रांती घ्यावीच; पण त्याच्या दासदासींना, गुराढोरांना आणि वेशीच्या आत राहणाऱ्या परक्यालाही ती मिळाली पाहिजे. आपण देवळात प्रार्थना करीत असताना घरी कोणी आपल्यासाठी राबत असेल, तर त्या आज्ञेचे पालन अर्धेच झाले असे म्हणावे लागेल.

नव्या करारात हाच सूर अधिक तीव्र होतो. याकोबाच्या पत्रात, शेते कापणाऱ्यांची मजुरी अडकवून ठेवणाऱ्या जमीनदारांना उद्देशून जे लिहिले आहे त्याचा आशय असा की, न दिलेली ती मजुरी मूक राहत नाही. तिचा आक्रोश देवाच्या कानी पोहोचतो. पुढे कॅथलिक धर्मशिक्षणात, सूड मागण्यासाठी स्वर्गापर्यंत आरोळी जाते अशी जी चार महापापे गणली गेली, त्यांत खुनाच्या जोडीला मजुराची मजुरी बुडवणे हेही आहे. मजुरी थकवणाराला खुनी माणसाच्या पंक्तीला बसवणारा हा हिशेब आजच्या सभ्य मनाला कदाचित अतिरेकी वाटेल. परंतु ज्याची चूल रोजच्या मजुरीवर पेटते, त्याच्या घरून पाहिले असता त्यातील अतिरेक कमी होतो.

मत्तयाच्या शुभवर्तमानातील द्राक्षमळ्याचा दृष्टांत या संदर्भात आठवण्यासारखा आहे. मळ्याचा धनी पहाटे चौकात जाऊन एका दिनारावर मजूर ठरवतो. दिनार म्हणजे त्या काळची साधारण एका दिवसाची मजुरी. नंतर तो सकाळी नऊच्या सुमारास, दुपारी, तिसऱ्या प्रहरी आणि शेवटी दिवस मावळायला एक तास उरला असता पुन्हा चौकात जातो. तेव्हाही काही माणसे तेथे उभी असतात. दिवसभर रिकामे का उभे राहिलात असे विचारता, आम्हाला कोणी कामच दिले नाही, असे ते सांगतात. संध्याकाळी धनी सर्वांना पुरता एक एक दिनार देतो, आणि पहाटेपासून राबलेले कुरकुर करतात. हा दृष्टांत मुख्यतः देवाच्या कृपेविषयी आहे, मजुरीचे दरपत्रक म्हणून तो सांगितलेला नाही. तरी त्यातील दोन गोष्टी नजरेआड करता येत नाहीत. पहिली अशी की, पहाटे आलेल्यांना ठरलेल्या रकमेत एक पैही कमी मिळत नाही. धन्याचे औदार्य कोणाच्या हक्कातून कापून काढलेले नाही. दुसरी अशी की, संध्याकाळी आलेल्या माणसाच्या घरीही खाणारी तोंडे तेवढीच असतात, हे धनी विसरत नाही. आजही कोणत्याही मोठ्या शहरातील मजुरांच्या नाक्यावर सकाळी अकराच्या पुढे गेल्यास, कोणी न बोलावलेली ती माणसे दिसतात.

एकोणिसाव्या शतकात यंत्रयुग आले आणि हा जुना प्रश्न नव्या रूपात उभा राहिला. धनी आणि मजूर यांची तोंडओळखही राहिली नाही. लंडनच्या गोद्यांमध्ये माल चढवण्या-उतरवण्याचे काम करणारे हजारो लोक सकाळी फाटकापाशी गर्दी करीत. मुकादम त्यांतून हवे तेवढे निवडी आणि बाकीचे परत जात. निवडलेल्यालाही कधी एखाद्या तासाचेच काम मिळे. ऑगस्ट १८८९ मध्ये या गोदी कामगारांनी संप पुकारला. ताशी पाच पेन्सऐवजी सहा पेन्स मिळावेत, आणि एकदा कामावर घेतले की निदान चार तासांचे काम द्यावे, अशा त्यांच्या मुख्य मागण्या होत्या. ऑस्ट्रेलियातील कामगारांनी समुद्रापलीकडून त्यांना मदतीचे पैसे पाठविले.

या संपात वेस्टमिन्स्टरचे कॅथलिक महाधर्मगुरू कार्डिनल हेन्री मॅनिंग यांनी मध्यस्थी केली. तेव्हा त्यांचे वय ८१ वर्षांचे होते. ते एका मोठ्या सावकाराचे पुत्र. त्यांचे वडील एके काळी बँक ऑफ इंग्लंडचे गव्हर्नर होते. गोदी कामगारांत आयरिश कॅथलिकांचा भरणा मोठा होता आणि त्यांचे हाल मॅनिंग यांना जवळून ठाऊक होते. वृद्धापकाळी ते गोदी कंपन्यांच्या संचालकांकडे गेले, संपाच्या पुढाऱ्यांकडे गेले, आणि पॉपलर भागातील एका शाळेत संपसमितीसमोर बसून त्यांनी तडजोडीची वाट काढली. सप्टेंबरच्या मध्यास संप मिटला आणि कामगारांची मुख्य मागणी मान्य झाली. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, संपकऱ्यांच्या उपाशी मुलांसाठी अन्नछत्र उघडून मॅनिंग यांना आपले कर्तव्य संपविता आले असते. त्यांनी ताशी सहाव्या पेनीचा प्रश्न हा धर्माचा प्रश्न मानला.

पुढच्याच वर्षी मुंबईत एक घटना घडली. तिचा ख्रिस्ती धर्मसंस्थेशी काही संबंध नाही, आणि तो जोडण्याचे कारणही नाही. परंतु विषय तोच असल्यामुळे तिचा उल्लेख येथे करणे उचित होईल. महात्मा फुले यांचे सहकारी आणि ‘दीनबंधू’ पत्राचे संपादक नारायण मेघाजी लोखंडे हे मुंबईच्या गिरणी कामगारांना आठवड्यातून एक दिवस सुटी मिळावी म्हणून झगडत होते. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. विसावा हा कामगाराचा हक्क आहे, हे तत्त्व एका सत्यशोधकाने मुंबईत प्रत्यक्षात आणले. सत्य कोणत्याही एका धर्माच्या कुंपणात राहत नाही, याचे हे उदाहरण आहे. आणि ख्रिस्ती माणसाने ते नम्रपणे स्वीकारले पाहिजे.

त्यानंतरच्या वर्षी, १५ मे १८९१ रोजी, रोममध्ये पोप लिओ तेरावे यांनी ‘रेरुम नोवारुम’ हे परिपत्रक काढले. कामगारांच्या प्रश्नाला सर्वस्वी वाहिलेले हे पोपांचे पहिले मोठे परिपत्रक होय. त्यात खासगी मालमत्तेच्या हक्काचे समर्थन आहे, समाजवादाला विरोध आहे. त्याचबरोबर कामगारांना संघटना करण्याचा हक्क आहे, स्त्रिया व मुले यांच्यावर शक्तीबाहेरचे काम लादू नये, अशी ठाम भूमिकाही आहे. परंतु सर्वांत महत्त्वाचा भाग मजुरीसंबंधीचा आहे. त्या काळच्या अर्थशास्त्राचे म्हणणे असे होते की, धनी आणि मजूर यांनी स्वखुशीने दर ठरविला की न्याय झाला. ठरलेले पैसे दिले म्हणजे धन्याचे कर्तव्य संपले. लिओ यांनी या युक्तिवादाचे मर्मच काढून घेतले. उपाशी माणूस जेव्हा कमी मजुरीला हो म्हणतो, तेव्हा ते त्याच्या खुशीचे हो नसते. ते भुकेचे हो असते. काटकसरीने राहणाऱ्या कामगाराचे पोट भरेल एवढी मजुरी हा निसर्गन्यायाचा भाग आहे आणि तो कोणत्याही कराराहून जुना आहे. त्याहून कमी घेण्यास मजुराला भाग पाडले, तर कागदावर सही असली तरी तो अन्यायच.

येथे या सर्व शिकवणीचा गाभा हाती येतो. योग्य मजुरी हे देणे आहे, आणि देणे दिल्याबद्दल कोणी आभाराची अपेक्षा करू नये. वाण्याचे बिल चुकते केल्यावर आपण त्याच्यावर उपकार केला असे कोणी म्हणत नाही. मग कामगाराची मजुरी देताना तरी उपकाराची भावना कोठून येते? पोप पायस अकरावे यांनी १९३७ साली हीच गोष्ट निःसंदिग्धपणे मांडली. कामगाराला न्यायाने जे मिळायला हवे ते त्याच्या पदरात भीक म्हणून टाकता येत नाही, आणि लहानसहान देणग्या देऊन न्यायाच्या मोठ्या कर्तव्यातून कोणाला सुटताही येत नाही, असा त्यांचा अभिप्राय होता. १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेही त्याला दुजोरा दिला. दयेला ख्रिस्ती धर्मात फार मोठे स्थान आहे. किंबहुना तीच त्या धर्माची ओळख आहे. परंतु दयेचे काम न्याय संपतो तेथून पुढे सुरू होते. न्यायाची जागा तिने घेतली, की तीच दया अन्यायाचे पांघरूण बनते.

हे पांघरूण कसे असते याचे उदाहरण शोधायला लांब जायला नको. गोव्यात भाटकार आणि मुंडकार यांचा संबंध पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. भाटकार म्हणजे जमिनीचा मालक. मुंडकार म्हणजे त्याच्या जमिनीवर घर करून राहणारा, त्याच्या नारळांची राखण करणारा, बोलावणे आले की कामाला जाणारा माणूस. भाटकार हिंदूही होते आणि ख्रिस्तीही होते. ख्रिस्ती भाटकार आणि त्याचा मुंडकार एकाच चर्चमध्ये एकाच मिस्साला जात. अनेक भाटकार मनाने चांगले होते. मुंडकाराच्या घरी लग्न निघाले की मदत करीत, आजारपणात औषधाला पैसे देत, सणाला गोडधोड पाठवीत. परंतु ज्या घरात मुंडकाराचा बाप आणि आजा वारले, त्या घरातून त्याला कधी उठवले जाणार नाही, याची शाश्वती त्याला नव्हती. त्याचे सुख भाटकाराच्या स्वभावावर अवलंबून होते. चांगल्या भाटकाराचा मुलगाही चांगला निघेल, असा नियम नाही. गोव्याच्या मुक्तीनंतर १९६४ साली शेतकूळ कायदा आणि १९७५ साली मुंडकारांना घरातून काढण्यास प्रतिबंध करणारा कायदा झाला; मुंडकाराला आपले राहते घर विकत घेण्याचाही हक्क मिळाला. शतकानुशतकांच्या दयेने जे दिले नव्हते, ते कायद्याने दिले. हा इतिहास ख्रिस्ती समाजाला अंतर्मुख करणारा आहे. कारण नियमशास्त्र आणि याकोबाचे पत्र त्या सर्व काळात चर्चमध्ये वाचले जातच होते.

मग वाचणे आणि वागणे यांतील हे अंतर कसे मिटावे? या प्रश्नाला विसाव्या शतकात बेल्जियमच्या एका धर्मगुरूने व्यवहारी उत्तर शोधले. जोसेफ कार्डाइन यांचा जन्म १८८२ साली एका कामकरी कुटुंबात झाला. धर्मगुरू होण्यासाठी ते शिकायला गेले, आणि त्यांच्या बरोबरीची मुले कारखान्यांत गेली. सुटीत घरी आल्यावर त्यांच्या असे ध्यानात आले की, हेच जुने सवंगडी आता आपल्याला परके मानतात; धर्मगुरू हा धन्यांच्या बाजूचा, अशी त्यांची समजूत झालेली आहे. १९०३ साली वडिलांच्या मृत्युशय्येपाशी त्यांनी आपले आयुष्य कामगारांना वाहण्याचा निश्चय केला. पुढे ब्रुसेल्सजवळच्या लाकेन येथे त्यांनी कामकरी मुलामुलींची लहान लहान मंडळे सुरू केली. १९२५ च्या सुमारास त्यांतून ‘तरुण ख्रिस्ती कामगार’ ही चळवळ आकाराला आली आणि अनेक देशांत पसरली. त्यांच्या आरंभीच्या सहकाऱ्यांपैकी फर्नां तोने आणि पॉल गार्से हे दोघे १९४५ साली दाखाऊच्या नाझी छळछावणीत मरण पावले. कार्डाइन यांना १९६५ साली कार्डिनल करण्यात आले; दोन वर्षांनी ते निवर्तले.

कार्डाइन यांची पद्धत तीन शब्दांची होती: पाहा, पारखा, करा. प्रथम आपल्या कामाच्या ठिकाणी प्रत्यक्ष काय चालले आहे ते नीट पाहावे. नंतर ते शुभवर्तमानाच्या प्रकाशात पारखावे. आणि शेवटी, लहान का होईना, पण ठरावीक कृती करावी. १९६१ साली पोप जॉन तेविसावे यांनी आपल्या परिपत्रकात या पद्धतीचा पुरस्कार केला. तिचा गुण असा की, ती माणसाला मोठमोठ्या विचारांत हरवू देत नाही. प्रवचन ऐकून डोळे पाणावणे आणि घरी येऊन सर्व काही पूर्ववत चालू ठेवणे, या जुन्या रोगावर ते औषध आहे.

हीच पद्धत घरकामाला लावून पाहता येईल. घरकाम करणाऱ्या स्त्रिया दाराआड काम करतात. त्यांचे काम ना कारखान्याच्या हजेरीपटावर असते, ना शेजाऱ्यांच्या नजरेत. बेल्जियमहून आलेल्या धर्मभगिनी जीन डेव्होस यांनी १९८५ साली भारतात या स्त्रियांची चळवळ सुरू केली, तिचे कारण हेच. २००८ साली महाराष्ट्राने घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा केला, आणि २०११ साली आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने घरकाम हेही इतर कामांसारखेच काम आहे असे मानून त्याविषयीचा करार संमत केला. कायदे दारापर्यंत येतात. दाराच्या आत काय होते, ते घरच्या माणसांच्या सदसद्‌विवेकावर अवलंबून राहते.

म्हणून प्रथम पाहावे. कामाला येणाऱ्या बाईचा पगार कोणत्या तारखेला दिला जातो, आणि तो तिला मागावा लागतो की न मागता मिळतो? महिन्यातून तिला हक्काच्या सुट्या किती? ती आजारी पडली तर पैसे कापले जातात का? ठरलेल्या कामाखेरीज पाहुण्यांची जास्तीची भांडी तिने घासली, तर त्याचे वेगळे पैसे दिले जातात का? तिला चहा कोणत्या कपातून दिला जातो? हा शेवटचा प्रश्न पैशांचा नाही, परंतु कदाचित तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. ज्या वेदीपुढे सर्व एकाच प्याल्याचे वाटेकरी होतात असे ख्रिस्ती माणूस मानतो, त्याच्याच घरी कामवालीचा कप खिडकीत वेगळा ठेवलेला असेल, तर त्या श्रद्धेला आपल्याच स्वयंपाकघरात प्रवेश मिळालेला नाही, असेच म्हणावे लागेल.

नंतर पारखावे. येथे नेहमी दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, सर्व घरे जो दर देतात तोच आम्ही देतो. लिओ तेरावे यांनी याचे उत्तर दिलेच आहे: सगळ्यांनी मिळून कमी दिल्याने कमी मजुरी न्याय्य होत नाही. दुसरा आक्षेप अधिक प्रामाणिक आहे. मध्यमवर्गीय कुटुंब म्हणते, आमचीच ओढाताण, आम्ही जास्त कोठून देणार? ही अडचण खरी असू शकते. परंतु मग न्याय एवढेच मागतो की, जेवढे न्याय्य पैसे देणे झेपते तेवढेच काम घ्यावे. आठ कामांचे पैसे परवडत नसतील, तर चार कामे घरच्यांनी करावीत. आपली ओढाताण आपल्याहून गरीब माणसाच्या खांद्यावर टाकण्याचा अधिकार कोणालाच नाही. मार्च २०२० मध्ये देशभर टाळेबंदी झाली, तेव्हा कामाला येणे अशक्य झालेल्या बायांचा पगार काही घरांनी चालू ठेवला आणि काहींनी त्याच दिवसापासून बंद केला. कोणाच्या श्रद्धेला किती मुळे होती, ते त्या दिवसांत प्रवचनाशिवाय कळून आले.

येथे आणखी एक भेद ध्यानात घ्यावा. १९८१ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी श्रमावर एक परिपत्रक काढले. हे पोप तरुणपणी, जर्मनांच्या ताब्यातील पोलंडमध्ये, दगडाच्या खाणीत आणि रासायनिक कारखान्यात मजुरी करून आलेले होते. काम माणसासाठी आहे, माणूस कामासाठी नाही, हे त्यांच्या विवेचनाचे सूत्र. प्रत्यक्ष पगार देणाऱ्या धन्याखेरीज एक अप्रत्यक्ष धनीही असतो, अशी कल्पना त्यांनी मांडली. ज्यांच्या निर्णयांमुळे आणि अटींमुळे मजुरीचा दर वर-खाली होतो, ते सर्व या अर्थाने धनी. ही कल्पना मुख्यतः सरकारे आणि मोठ्या संस्था यांच्यासंबंधी आहे. परंतु तिचा किरण आपल्यापर्यंतही पोहोचतो. घर बांधताना कंत्राटदाराकडून सर्वांत कमी दराचा आग्रह धरणारा मालक, तो दर कोणाच्या पोटातून निघणार आहे, हे विचारण्याचे टाळतो. संदेष्टा यिर्मया याने आपल्या देशाच्या राजाला नेमके याच गोष्टीबद्दल फटकारले होते: शेजाऱ्याकडून फुकट राबवून घेऊन त्याने प्रशस्त माड्या उठविल्या होत्या. सिमेंटची गोणी वाहणाऱ्याला मजुरी मिळाली की नाही, हे घराची पूजा किंवा आशीर्वादविधी करण्यापूर्वी विचारायला हरकत नसावी.

ही शिकवण एकतर्फी नाही, हेही सांगितले पाहिजे. लिओ यांच्या परिपत्रकात कामगाराचीही कर्तव्ये सांगितली आहेत: पत्करलेले काम पूर्ण आणि चोख करावे, धन्याच्या मालमत्तेची नासधूस करू नये, आपल्या मागण्यांसाठी हिंसेचा आश्रय घेऊ नये. शाळेत वेळेवर न जाणारा शिक्षक, कचेरीत चकाट्या पिटणारा कारकून, वजनात मारणारा दुकानदार, हे सर्व दुसऱ्याचे देणे बुडवितात. परंतु कामगाराच्या आळसाकडे बोट दाखविण्याआधी धन्याने आपला हिशेब पुरा करावा. कारण दोघांत जो बलवान, त्याच्यावर जबाबदारी अधिक. संत पौलाने कलस्सैकरांना लिहिलेल्या पत्रात धन्यांना हीच आठवण दिली आहे की, स्वर्गात त्यांनाही एक धनी आहे.

शेवटी उरते ती कृती. कार्डाइन यांच्या पद्धतीत ती लहान आणि ठरावीक असावी लागते, नाहीतर ती होतच नाही. पगाराची एक तारीख ठरवावी आणि ती चुकवू नये. सुट्या आधीच सांगून टाकाव्यात. दरवर्षी महागाईच्या मानाने पगार आपण होऊन वाढवावा. काम सोडवायचे झाल्यास आगाऊ सूचना द्यावी. कप एकच ठेवावा. यांपैकी एकाही गोष्टीला दानशूर म्हणवून घेण्याची योग्यता लागत नाही. कारण यांपैकी एकही गोष्ट दान नाही. हे सर्व देऊन झाल्यावर, मुलीच्या शाळेची फी भरावी, आजारपणात धावून जावे, सणाला नवे लुगडे द्यावे. ती खरी दया, आणि तिचा आनंद घेणाऱ्याला व देणाऱ्याला सारखाच होतो. मात्र देण्याच्या वहीत मजुरीचे पान अगोदर येते, आणि ते पान सूर्य मावळण्यापूर्वी कोरे झालेले असावे.